हात धुऊन या

बहिणीच्या पत्राला आपण उत्तर दिलं नाही, हे त्याला न्हाव्याच्या खुर्चीत आठवलं, आणि तेही अर्ध्या गालाला फेस असताना. एरवी ते आठवायला त्याला निमित्त लागत नसे. दात घासताना, पुस्तकाचं पान उलटताना, जिन्यावर दम खाताना ते आपलं शेजारी येऊन बसायचं आणि तो त्याला ओळख न दाखवता पुढे जायचा. आज मात्र ते टीव्हीतून आलं. आरशाच्या वर, कोपऱ्यात टांगलेल्या टीव्हीवर काळी पट्टी सरकत होती, माजी राष्ट्राध्यक्षांचं पहाटे निधन, आणि पट्टीच्या वर साहेबांचा जुना चेहरा होता, केस काळे असतानाचा, हनुवटी किंचित पुढे काढलेला. न्हाव्याने वस्तरा हवेतच थांबवला.

"गेला म्हातारा," तो म्हणाला. "काका, हलू नका. आजच्या दिवशी दुसरं मयत नको मला दुकानात."

बाकावर एक टॅक्सीवाला नंबर लावून बसला होता. तो पेपरातून मान वर न काढता म्हणाला, "जाऊ दे की. पूल बांधला आणि शाळेला छत दिलं नाही. पोरांनी काय पुलाखाली बसून शिकायचं?"

"त्याच पुलावरून गाडी हाकतोस ना दिवसभर? त्याआधी काय नावेतून न्यायचास गिऱ्हाइकं?"

"टोल भरतो मी. उपकार नाही कोणाचे."

"ते काही असो, माणसाला माया होती. गिरणीच्या गेटवर गोळीबार झाला तेव्हा काय बोलला होता? माझा बाप रडला होता रेडिओपुढे बसून. 'रडू नका, हात धुवा आणि जेवायला या.' असं बोलतं का कोणी आता? बापच बोलतो असं."

"आणि गोळ्या कोणी घातल्या मग? मावशीने?"

"ते पोलिसांचं. त्यात साहेबाला ओढू नकोस."

"रडून घ्या," तो फेसाखालून म्हणाला.

"काय म्हणालात काका?"

"'रडू नका' नाही. 'रडून घ्या. मग हात धुऊन या, ताट वाढलंय.' असं आहे ते."

"तेच ते."

"तेच नाही!" आवाज त्याच्याच कानाला परका वाटावा इतका मोठा निघाला, मान हलली, वस्तरा लागला आणि हनुवटीखालच्या फेसात एक गुलाबी ठिपका पसरत गेला. न्हावी चरफडत तुरटी घासू लागला. टॅक्सीवाल्याने पहिल्यांदाच पेपर खाली केला आणि या गबाळ्या, जाड भिंगांच्या म्हाताऱ्याकडे नीट पाहिलं. तुरटी झोंबत होती. ती झोंबत असतानाच त्याच्या लक्षात आलं की ज्या माणसाच्या पदरी त्याने उभी हयात काढली तो मेला हे कळल्यावर आपल्याला दुःख झालं नाही, सुटल्यासारखं वाटलं नाही, भीतीही वाटली नाही. राग आला. एक शब्द चुकला म्हणून. आणि त्या रागाच्या मागोमाग, दार उघडं दिसल्यासारखं, बहिणीचं पत्र आत आलं.

पत्र आता नव्हतं. ते त्याने आलं त्याच दिवशी कार्यालयाच्या संडासात बारीक फाडून पाण्यात सोडलं होतं. पण ते पाठ होतं, कारण त्यात पाठ करण्यासारखं काही फार नव्हतंच. 'बारक्या, तुझे भावोजी गेटवर गेले ते तुला कळलंच असेल. त्या संध्याकाळी त्यांना घरात ठेवलेलं असताना शेजाऱ्यांच्या रेडिओवर तुझे साहेब बोलले. आई भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, हे मी कधी म्हणाले? तेव्हापासून ती सारखी विचारते, मी बाहेर कोणाला काही बोलले का. बारक्या, ते वाक्य तू दिलंस का? हो की नाही एवढंच लिही. तू नाही लिहिलंस तर मी नाही मानेन.' शेवटच्या ओळीतला दुसरा 'नाही' कसला, असा कोणालाही घोटाळा झाला असता. तिथे अवतरणचिन्हं हवी होती. फाडण्याआधी त्याने ती मनातल्या मनात दिलीही होती. नवरा गेलेल्या बहिणीच्या पत्रात त्याने आधी ते पाहिलं होतं.

रस्त्यावर आल्यावर ऊन डोळ्यांत घुसलं. निम्मी दुकानं उघडी होती, निम्मी अर्धं शटर ओढून काय करावं याचा अंदाज घेत होती. विजेच्या सामानाच्या दुकानात ओळीने लावलेल्या सगळ्या टीव्हींवर साहेब एकदमच हात हलवत होते, लहान साहेब, मोठे साहेब, एक हिरवट साहेब. काचेपाशी थोडी माणसं उभी होती. आत कोणी प्राध्यापक सांगत होता की स्वर्गीय नेता शब्दांचा धनी होता, 'रडून घ्या' या दोन शब्दांत राज्यकर्त्याने प्रजेला दुःखाचा अधिकार दिला आणि 'ताट वाढलंय' म्हणून लगेच जगण्याकडे बोलावलं. 'हात धुऊन' मध्ये तर प्राध्यापकाला विधी दिसला, शुद्धी दिसली, आणखी बरंच काही दिसलं. तो काचेसमोर उभा राहून ऐकत राहिला. हात धुऊन, कारण आमचे हात मातीने भरले होते, एवढंच. बाप पुरून आल्यावर आम्ही दोघं पायरीवर बसून माती चिवडत रडत होतो आणि आई आतून म्हणाली. ती स्वतः रडली नव्हती. ताटं दोनच वाढली होती, तिचं नव्हतं. ताईने ते पाहिलं होतं, त्याने पाहिलं नव्हतं, त्याला भूक लागली होती. पुढे आई ते कशावरही म्हणायची, मार खाल्ल्यावर, परीक्षेत नापास झाल्यावर, मांजर मेल्यावर. त्या घरात रडण्याला मनाई नव्हती, फक्त त्याला शेवट होता. प्राध्यापक हे सगळं त्याच्यापेक्षा चांगलं सांगत होता, ही आणखी एक गंमत. तो मान डोलावत होता. डोलावतोय हे काचेत दिसलं तेव्हा त्याने ती थांबवली.

राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयात त्याच्या खोलीच्या दारावर पाटी नव्हती. घरी, नातेवाइकांत, सगळ्यांना तो 'कार्यालयात कारकुनीचं काहीतरी' करायचा, आणि ते त्याला बरं वाटायचं, कारण आपण लेखक आहोत असं कोणाला सांगायची त्याला कधी हिंमत झाली नसती. लोकांपुढे उभं राहिलं की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. म्हणून त्याने दुसऱ्याची जीभ घेतली. साहेबांचा आवाज भरदार होता पण दम कमी होता. कुठे श्वास घ्यायचा हे त्यांना कळत नसे. म्हणून तो प्रत्येक भाषणात पेन्सिलीने उभ्या रेघा मारून द्यायचा. एक रेघ म्हणजे श्वास, दोन रेघा म्हणजे समोर बघा. लोक म्हणायचे, साहेब बोलताना मध्येच भरून येतं त्यांना. ती त्याची दोन रेघांची जागा असायची. आणि प्रत्येक भाषणात एक खुंटी असायची. खुंटी हा त्यांच्या दोघांतलाच शब्द होता. भाषणात जिथे काहीतरी घरगुती, मऊ हवं असेल तिथे तो आपल्या घरातली एखादी गोष्ट कच्ची टाकून ठेवायचा, आणि साहेब ती काढून तिथे आपल्या घरातली अडकवायचे, आपल्या वडिलांची सायकल, आपली आंधळी आत्या, शेळी. त्याची आई, त्याची ताई, त्यांचं मांजर अशी कितीतरी वेळा साहेबांच्या टेबलावर जाऊन लाल पेन्सिलीने खोडली जाऊन परत आली होती. त्यात अपमान नव्हता. कामाची रीतच ती. फक्त त्या एका दिवशी खुंटी तशीच राहिली. घाई होती, रेडिओवाले खाली येऊन थांबले होते, साहेबांनी वाचलंच नाही नीट, आणि कच्ची ओळ पक्की होऊन बाहेर गेली. असं घडलं होतं. हे त्याने स्वतःला इतक्या वेळा सांगितलं होतं की त्यातही आता श्वासाच्या जागा ठरून गेल्या होत्या.

घरी येऊन त्याने पंखा लावला, हनुवटीवरचा कापूस काढला, परत लावला. खोलीत पुस्तकं भिंतीला टेकून जमिनीपासून रचलेली होती. फोन वाजला तेव्हा तो उगाचच एक पुस्तक उघडून उभा होता. साहेबांचा जुना खाजगी सचिव होता. कार्यालयात त्याला सगळे 'कात्री' म्हणायचे, कारण भेटीला आलेल्यांची वेळ तो कापत असे.

"जिवंत आहेस ना?" कात्री म्हणाला. "ऐक, वेळ नाही. समाधीच्या दगडावर एकच वाक्य कोरायचं ठरलंय. तेच, ताटाचं. पण इथे चार माणसं पाच प्रकारे म्हणतायत. रेकॉर्डिंग खराब झालंय, काही ऐकू येत नाही. तुझं डोकं शाबूत आहे ना अजून?"

"रडून घ्या," त्याने सांगितलं. "पूर्णविराम. मग हात धुऊन या, स्वल्पविराम, ताट वाढलंय. पूर्णविराम. 'धुऊन' मध्ये 'व' नाही."

"आणखी काही?"

"'घ्या'नंतर जागा जास्त सोडा. तिथे ते थांबले होते."

"दगडाला काय कळतंय थांबलेलं," कात्री हसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "बाय द वे, ते तुझंच ना रे? आता बोलायला हरकत नाही. स्मरणिका निघतेय. तुझं नाव घालतो, फोटो पाठव. म्हातारपणी जरा मिरव की."

स्मरणिकेचं पान त्याला दिसलं, फोटो, फोटोखालची दोन ओळींची ओळख. ती ओळख त्याने तेवढ्यात दोनदा लिहिलीसुद्धा. तो म्हणाला, "नाही. साहेबांचंच होतं."

"बरं बाबा, राहा सोवळा," म्हणून कात्रीने फोन ठेवला. आणि मग, पंख्याखाली उभं राहून, त्याला वाटलं की हा नकार किती सुंदर झाला. नेमका. एकाच श्वासाचा. आपण नम्र आहोत याची त्याला इतकी मजा वाटली की त्याला बसावं लागलं.

माणूस गेल्यावर मागे काय उरतं? पूल उरतो, त्याला गंज चढतो. पेन्शनी उरतात, त्या पुढचा कोणी कापतो. गेटवरच्या मेलेल्यांच्या पोरांना पोरं झाली, त्यांना गेटही माहीत नाही, तिथे आता गाड्या लावतात. साहेबांचं खरं असं जे उरणार होतं ते ते वाक्य, दगडात, स्वल्पविरामासकट. या माणसाच्या सांगाड्यातलं सगळ्यात चांगलं हाड माझ्या आईचं आहे, असं त्याच्या मनात आलं, आणि हेही वाक्य बरं आहे असं लगेच आलं.

आणि मग, त्याने न बोलावता, ती दुपार आली. त्याने रचलेली नव्हे, झालेली. साहेब टेबलामागे बसले होते, नेहमीप्रमाणे एक बूट काढून, मोज्याच्या भोकातून अंगठा बाहेर आलेला. खोलीत घाई नव्हती. रेडिओवाल्यांना चहा दिला होता. साहेबांनी सगळं भाषण वाचलं, लाल पेन्सिल खुंटीपाशी आली आणि थांबली.

"ही कोणाची?" साहेबांनी विचारलं.

"माझ्या आईची, साहेब. कच्ची आहे. तुमचं काही घाला तिथे."

"आहेत का आई?"

"आहेत. बहिणीकडे असतात. गिरणीच्या चाळीत."

साहेबांनी वर पाहिलं. तो माणूस क्रूर होता पण मठ्ठ नव्हता. "गिरणीच्या? मेहुणे काय करतात?"

"तिथेच असतात कामाला."

"फोन केलास का घरी?"

टेबलावर फोन होता. काळा, जड, साहेबांनी हाताने त्याच्याकडे सरकवला होता. चाळीच्या खालच्या वाण्याकडे फोन होता, नंबर त्याला पाठ होता. आणि त्या क्षणी त्याच्या मनात जे आलं ते त्याला आजही शब्दशः आठवत होतं, कारण ते मनात शब्दांतच आलं होतं: आत्ता फोन केला आणि काही भलतंच कळलं तर हे वाक्य जाईल. "नंतर करतो," तो म्हणाला. "आधी हे होऊ दे."

"मग ठेवायचं हे?" साहेबांनी विचारलं. विचारलं होतं. पेन्सिल वर उचलून, अंगठा हलवत, चक्क विचारलं होतं.

"ठेवा, साहेब. तुमच्या तोंडी फार छान जमतंय."

संध्याकाळी तो कार्यालयातल्याच रेडिओपाशी बसला. 'रडून घ्या' नंतर साहेब त्याच्या दोन रेघांवर बरोबर थांबले, आणि शेजारी बसलेल्या टायपिस्ट बाईंनी डोळ्याला पदर लावला. इतका आनंद त्याला त्याआधी कधी झाला नव्हता, त्यानंतरही नाही. मग त्याने फोन केला. वाण्याने सांगितलं.

आई पुढच्या थंडीत गेली. तो गेला होता शेवटच्या दिवशी, सरकारी गाडीने. चाळीच्या दारात ताई उभी होती. तिने एवढंच विचारलं, "माझं पत्र मिळालं?" आणि तो म्हणाला, "कुठलं गं?" ती म्हणाली, "हरवलं असेल. पुन्हा लिहीन." तिने पुन्हा लिहिलं नाही. त्या दिवशी तिने सगळ्यांना जेवायला घातलं, पण 'ताट वाढलंय' म्हणाली नाही, नुसतंच प्रत्येकाच्या खांद्याला हात लावत फिरली. त्याच्या खांद्याला लावला नाही. तो आपणहून उठून जेवला.

आज दुपारी भाचीचा फोन आला. ती वर्षा-दोन वर्षांतून कधीतरी करायची, कर्तव्य म्हणून.

"मामा, बरे आहात ना? बातमी बघितली असेल."

"हो. तुझी आई कशी आहे?"

"कशी असणार. तिला काही कळत नाही आता फारसं. पण आज सकाळपासून टीव्हीसमोरून हलत नाही. ते वाक्य कोणी म्हणालं की हात वर करते, गप्प बसा म्हणून. आणि मग विचारते, बारक्याचं पत्र आलं का? मला वाटलं, आजचंच. तर पोस्टमन येऊन गेला तरी तेच. आठ दिवसांपूर्वी लिहिलंय म्हणते, अजून कसं नाही आलं. मामा, तिने तुम्हाला कधी काय विचारलं होतं मला माहीत नाही. मला माहीत करूनही घ्यायचं नाही. पण दोन ओळी लिहा ना. कागदावर. मी वाचून दाखवीन. ती जेवत नाहीये हो."

"का जेवत नाही?"

"पत्र आल्यावर जेवीन म्हणते. लहान मुलासारखं."

"लिहितो," तो म्हणाला.

"आजच टाका. तिचं काही खरं नाही."

तो टेबलाशी बसला. कागद चांगला होता, जाड, कार्यालयातून येताना आणलेला. त्याने वर लिहिलं, 'ताई,' आणि खाली लिहिलं, 'हो.' आणि पेन खाली ठेवलं.

तो त्या 'हो'कडे बघत राहिला. एवढा मोठा कागद आणि त्यावर एक अक्षर, भिंतीवर चिरडलेल्या डासासारखं. ते खरं होतं, पण बसत नव्हतं. त्याच्या आधी काहीतरी हवं होतं, नंतर काहीतरी हवं होतं. त्याने आधी चार ओळी लिहिल्या, घाईच्या, रेडिओवाल्यांच्या, आणि खोडल्या. मग नंतर लिहिल्या, फोनच्या, अंगठ्याच्या, आणि त्या मनात वाचून पाहिल्या. भाची हे मोठ्याने वाचणार. तिचा बाप गेटवर पडलेला असताना मामा फोनकडे बघत होता, हे तिच्या तोंडून तिच्या आईला ऐकावं लागणार. नाही, असं करता येत नाही, त्याने स्वतःला समजावलं. आणि हे समजावणं किती सोयीचं आहे हे त्याला दिसत होतं, अगदी स्वच्छ, चष्मा पुसून घेतल्यासारखं. त्याचं काही अडलं नाही. म्हातारपणाने त्याला एवढंच शिकवलं होतं: स्वतःला ओळखलं म्हणून हात थांबत नाही.

नव्या कागदावर हात सरसर चालला, किती वर्षांत चालला नव्हता तसा.

'ताई, तुझं पत्र आत्ताच मिळालं. नाही, ते वाक्य मी दिलं नाही. ते साहेबांच्या आईचं होतं, त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. तिकडेही एक बाप गेला होता आणि दोन मुलं पायरीवर बसली होती. आपल्या आईला सांग, ती बाहेर कोणाला काही बोलली नाही. असं म्हणणाऱ्या आया जगात पुष्कळ असतात. आता जेवून घे.'

त्याने ते मोठ्याने वाचलं. 'आपल्या आईला सांग' इथे ताईच्या डोक्यात आता आई जिवंत असेल, हे त्याने ध्यानात घेतलं होतं. ती जागा फार चांगली जमली होती. 'पुष्कळ' जरा जड होता, पण राहू दे. आता आईकडे तिचं म्हणून एकही वाक्य उरलं नव्हतं. दगडावरचं साहेबांचं झालंच होतं, घरातलंही आता साहेबांच्या आईचं झालं. साहेबांची आई त्यांच्या जन्माच्या वेळीच गेली होती हे साहेबांनी त्याला खरंच एकदा सांगितलं होतं, बूट काढलेला असताना, कोणतंही भाषण नसताना. ते त्याला लिहून झाल्यावर आठवलं. त्याने काही बदललं नाही.

कागदाची घडी घालण्याआधी पेन्सिल त्याच्या हातात कधी आली ते त्याला कळलं नाही. 'नाही' नंतर त्याने एक उभी रेघ मारली. 'जेवून घे'च्या आधी दोन. भाचीला अर्थ कळायचं कारण नव्हतं, पण रेघ दिसली की माणूस थांबतोच. तिथे ती थांबेल, आणि ताई तिच्याकडे बघेल.

पोस्टाची पेटी कोपऱ्यावर, न्हाव्याच्या दुकानाला लागून होती. दुकान आता बंद होतं, दुखवट्याचं. न्हावी बाहेर स्टुलावर बसून शेंगदाणे खात होता.

"काय काका, रक्त थांबलं का?"

"थांबलं."

"सकाळी चुकलंच माझं. आत्ता टीव्हीवर सांगितलं. 'रडून घ्या'च आहे ते, तुमचं बरोबर. काय बोलून गेला हो माणूस!" त्याने शेंगदाण्यांची पुडी पुढे केली. "घ्या."

त्याने दोन दाणे घेतले, दुसऱ्या हाताने पाकीट फटीत सरकवलं. ते आत तिरकं अडकलं. त्याने झाकण वर करून दोन बोटांनी ते खाली ढकललं, आणि पडल्याचा आवाज येईपर्यंत तिथेच उभा राहिला.